तिकीट, पास आणि दंड : आगबोटीपासून कोकण रेल्वेपर्यंत

गेल्या महिन्यात गटांच्या बैठकीत एक प्रश्न इतक्या जणींनी विचारला, की त्यावर एक अख्खी गोष्टच सांगायची असं आम्ही ठरवलं. प्रश्न असा होता : "माझ्याकडे पास आसा, मगे दंड कित्याक?" पैसे भरलेले, पास पर्समध्ये, गाडी नेहमीचीच, आणि तरी टीसीने पावती फाडली. त्या बाईला वाटलं, आपल्याला फसवलं. टीसीला वाटलं, नियम आहे. दोघांचंही म्हणणं कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. अगदी आगबोटीपर्यंत.

आमच्या आजीच्या पिढीला मालवणहून मुंबईला जायचं म्हणजे समुद्र. मालवण, वेंगुर्ला, देवगड, विजयदुर्ग ही आगबोटीची बंदरं. बोट किनाऱ्याला लागायची नाही, आत खोल पाण्यात उभी राहायची. ट्रंक, वळकटी, फणस आणि कडेवरचं पोर घेऊन पडावात बसायचं आणि पडावातून बोटीवर चढायचं. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जूनमध्ये ज्याची चिठ्ठी आली नाही, त्याची वाट नारळी पौर्णिमेपर्यंत बघायची. बोटीचं तिकीट म्हणजे डेकवर जिथे जागा मिळेल तिथे पथारी टाकायची परवानगी. कोण चढलं, कोण उतरलं, याचा हिशेब त्या तिकिटांवरच असायचा. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती बोट आपल्या बाजूची नव्हती, तरी त्या बातमीने सगळा कोकण किनारा हादरला. बोटीवर कोण होतं हे घरच्यांना कळण्याचा रस्ता म्हणजे तिकीट, नाहीतर परत आलेल्या माणसांचं सांगणं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता रेल्वे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी गेली. चौदा डबे, तीन इंजिनं, सुमारे ४०० माणसं, आणि ती सगळी निमंत्रित पाहुणे! म्हणजे रीतसर तिकिटं नंतर आली, फुकट प्रवास आधी झाला, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

पण तिकिटाचा खरा शोध त्याआधीच विलायतेत लागला होता. सुरुवातीला तिथे कारकून हाताने कागदावर नाव-गाव लिहून द्यायचा. वेळ जायचा, आणि कारकुनाने दहा तिकिटं विकून आठाचेच पैसे भरले तर कळायला मार्ग नव्हता. थॉमस एडमंडसन नावाचा एक स्टेशनमास्तर होता. त्याने १८३०च्या दशकाच्या अखेरीस जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट काढलं. प्रत्येक तिकिटावर ओळीने नंबर, आणि विकताना तारीख उठवणारं एक लहानसं यंत्र. संध्याकाळी फक्त शेवटचा नंबर बघायचा, की किती तिकिटं गेली ते समजलं. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी ते पुठ्ठ्याचं तिकीट हातात धरलंय. खिडकीतला माणूस तिकीट यंत्रात सरकवायचा, खट्‌ आवाज यायचा, तारीख उमटायची. लहान मुलाचं अर्धं तिकीट असेल तर त्याचा कोपरा तिरका कापून खिडकीतच ठेवून घ्यायचे. मग फाटकावर किंवा गाडीत टीसी चिमट्याने तिकिटाला भोक पाडायचा.

ती तारीख आणि ते भोक, सगळा नियम या दोनांतच आहे. तारीख सांगते की हे तिकीट कधीपासून चालू झालं. भोक सांगतं की ते वापरलं गेलं. नुसते पैसे भरले म्हणजे तिकीट झालं नाही. ते चालू झालेलं असावं लागतं, ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात असावं लागतं, आणि मागितल्याबरोबर दाखवता यावं लागतं. आमच्या त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

इंग्रजांनी १८९०मध्ये रेल्वेचा कायदा केला. त्याच्या ११२व्या कलमात लबाडीने विनातिकीट जाणाऱ्याला शिक्षा होती. ११३व्या कलमात लबाडी नसली तरी योग्य तिकीट नसेल तर जादा पैसे घेण्याची तरतूद होती. हे दोन वेगळे खण तेव्हाच पाडले गेले आणि आजही आहेत. याच कायद्याचं ६४वं कलम मात्र आम्हाला फार आवडतं. १ जानेवारी १८९१पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायचा, आणि गाडी पन्नास मैलांपेक्षा लांब जाणार असेल तर त्या कप्प्याला संडास असला पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. पुरुषांच्या डब्याबद्दल असं काही नव्हतं! कायदा करणाऱ्यांच्या घरातल्या कुणी बाईनेच त्यांना हे सुचवलं असावं, असा आमचा अंदाज.

मग पास कुठून आला? आपण त्याला 'पास' म्हणतो, रेल्वेच्या कागदात तो 'सीझन तिकीट' असतो. सीझन म्हणजे हंगाम. कसला हंगाम? इंग्लंडात कँटरबरी गावातून व्हिट्स्टेबलच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणारी एक छोटी रेल्वे होती. उन्हाळ्यात लोक समुद्रस्नानाला जायचे, म्हणून १८३४मध्ये तिने संपूर्ण हंगामाचं एकच तिकीट काढलं. म्हणजे पासाची सुरुवात समुद्रावर मजा करायला जाणाऱ्यांनी केली. मालवणच्या किनाऱ्यावर राहून आपल्याला हे माहीत असावं! मुंबईत मात्र त्याच पासावर गिरणीतला कामगार, नर्सबाई, कारकून, घरकामाला जाणारी मावशी रोज उठून जाऊ लागली. आपल्या गावचे चाकरमानी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा भरायच्या आधी पास काढायचे. पास नाही तर नोकरी नाही. बायकाही इतक्या वाढल्या, की ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेला चर्चगेटहून फक्त बायकांची लोकल सोडावी लागली.

त्याच मुंबईत काही वर्षं कूपनं होती. छोटी पुस्तिका विकत घ्यायची, त्यातली कूपनं हवी तेव्हा वापरायची. खिडकीवरची रांग टळायची. पण गाडीत चढण्याआधी स्टेशनावरच्या यंत्रात कूपन घालून त्यावर तारीख, वेळ, स्टेशन उठवून घ्यावं लागे. लोक म्हणत, 'कूपन पंच कर.' पुस्तिका खिशात, पैसे भरलेले, पण पंच करायला विसरला किंवा यंत्र बिघडलेलं, तर तो माणूस विनातिकीट. नंतर ती यंत्रं बंद झाली. परदेशातही हीच तऱ्हा आहे. इटलीत स्थानिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. युरोपभर फिरण्यासाठी १९५९पासून एक मोठा रेल्वे पास मिळतो. तोसुद्धा आधी चालू करून घ्यावा लागतो, आणि ज्या दिवशी फिरायचं त्या दिवसाची नोंद चढण्याआधी करावी लागते. नाही केली तर दंड. कुणाची लेक-जावई तिकडे असतील तर त्यांनाही विचारून बघा.

आपल्याकडे रेल्वे यायला मात्र फार उशीर झाला. बॅरिस्टर नाथ पै १९५७पासून लोकसभेत कोकणाचं म्हणणं मांडत होते, त्यात कोकण रेल्वे होतीच. त्यांच्यानंतर त्याच राजापूर मतदारसंघातून मधु दंडवते १९७१मध्ये निवडून गेले. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गादी बसवायला त्यांनी सुरुवात केली. रात्रभर लाकडी फळीवर तान्ह्या बाळाला घेऊन बसलेल्या बाईला त्याची किंमत कळते. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना १९ जुलै १९९०ला कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली, आणि ई. श्रीधरन यांनी काम तडीस नेलं. डोंगर, खाड्या, नव्वदच्या वर बोगदे. २६ जानेवारी १९९८ला सगळा मार्ग खुला झाला. वैभववाडी, नांदगाव, कणकवली, सिंधुदुर्गनगरी, कुडाळ, झाराप, सावंतवाडी, मडुरे ही नावं फलाटावरच्या पाटीवर आली. मालवणात अजूनही रूळ नाहीत. आपल्याला कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली गाठावी लागते, म्हणून आपला प्रवास एसटीत सुरू होतो आणि रेल्वेत पुढे जातो.

बऱ्याच जणींचा घोळ नेमका इथेच होतो. एसटीत १७ मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. एसटीतून उतरून तीच बाई रेल्वेच्या खिडकीशी जाते आणि अर्धं तिकीट मागते. रेल्वेत बाई म्हणून अर्धं तिकीट नाही. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना पूर्वी निम्मी सवलत होती, ती मार्च २०२०मध्ये थांबवली. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास तर एसटीचाच, रेल्वेत त्याचा काही उपयोग नाही.

कोकण रेल्वे आली तेव्हा कायदाही नवा होता, १९८९चा. आज टीसीच्या हातात असतो तो हाच. १८९०चे दोन खण यातही आहेत. १३७वं कलम लबाडीचं. फसवण्याच्या हेतूने विनातिकीट गेलं, किंवा एकदा वापरलेलं तिकीट पुन्हा चालवलं, तर मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १३८वं कलम मात्र लबाडी नसलेल्यांचं. तिकीट विसरलं, चुकीच्या डब्यात बसलं, पास घरी राहिला. तिथे टीसी जे घेतो त्याला आपण दंड म्हणतो, पण कायद्यात तो 'जादा आकार' आहे. तो भरला म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो, कारण आपल्या बायका पैशापेक्षा 'आता पोलीस नेतील' या भीतीने जास्त रडकुंडीला येतात.

तो जादा आकार किती? जेवढं भाडं तेवढाच, पण निदान २५० रुपये. २००४च्या आधी हा किमान आकडा ५० होता. म्हणजे भाडं ६० रुपये असेल, तर ६० आणि २५० मिळून ३१०. भाडं ४०० असेल, तर ४०० आणि ४००, म्हणजे ८००. पावती मागायचीच. आणि पैसे द्यायला नकार दिला तर टीसी मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो, तिथे दहा दिवसांपासून महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. तेव्हा भांडण गाडीत करू नये. पावती घेऊन, उतरल्यावर लेखी तक्रार करावी.

भाडं कुठून मोजायचं हे तर बहुतेकींना माहीतच नसतं. तुम्ही कुठे चढलात याबद्दल शंका असेल, तर गाडी जिथून सुटली तिथून भाडं धरतात. मध्ये तपासणी झाली असेल, तर शेवटची तपासणी झाली तिथून. दिव्याहून सावंतवाडीला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये राजापूरला चढलेल्या आणि तिकीट हरवलेल्या बाईकडून दिव्यापासूनचं भाडं मागितलं जाऊ शकतं. शिवाय कोकण रेल्वेवर प्रवासी भाड्यासाठी अंतर चाळीस टक्के वाढवून धरतात. शंभर किलोमीटरचे एकशेचाळीस होतात. बांधायला आलेला खर्च वसूल व्हावा म्हणून हे केलं गेलं. आमच्या मते मात्र हा डोंगराचा खर्च कोकणातल्या गरीब माणसाच्या डोक्यावर ठेवणं योग्य नाही. हे आमचं मत, नियम तसाच आहे.

आता पास. पासाबरोबर फोटोचं ओळखपत्र असतं आणि त्याचा नंबर पासावर लिहिलेला असतो. दोन्ही एकत्र असले तरच पास पुरा. ओळखपत्र घरी राहिलं तर तुम्ही विनातिकीट. पास जिच्या नावाचा तिनेच वापरायचा. 'आज मी जात नाही, तू घेऊन जा' असं बहिणीबहिणींत सहज होतं. पण १४२व्या कलमात सीझन तिकिटाचं नाव घेऊन लिहिलंय, की दुसऱ्याने प्रवास करावा म्हणून पास देणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पास घेऊन जाणारीचा पास जप्त होऊन ती विनातिकीट धरली जाते. देणारीही अडकते, घेणारीही. पास दीडशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराचा मिळतो आणि तो आरक्षित डब्यात चालत नाही. जनरल डबा भरलेला असला की आपण स्लीपरमध्ये शिरतो आणि पावती तिथेच फाटते. सुपरफास्ट गाडीला साधं तिकीट चालत नाही, वरचा अधिभार भरावा लागतो.

साध्या जनरल तिकिटालाही १ मार्च २०१६पासून घड्याळ लागलं आहे. १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत, यात जे उशिराचं असेल तोवर प्रवास सुरू झाला पाहिजे. सकाळी बाजाराला आल्यावर काढून ठेवलेलं तिकीट संध्याकाळच्या गाडीला चालेलच असं नाही. मोबाइलवर काढलेलं तिकीट त्याच मोबाइलमध्ये, त्याच अ‍ॅपमध्ये दाखवायचं. मुलाने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

गणपतीच्या दिवसांत आणखी एक फसगत होते. खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट असेल तर निदान जनरल डब्यातून जाता येतं. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट मात्र, चार्ट लागल्यावर पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात परत येतात. ते हातात घेऊन गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट चढणं. मुंबईतल्या लेकाला, भाच्याला हे आधीच सांगून ठेवा.

तिकीट काढायला वेळच मिळाला नाही आणि गाडी सुटतेय, असं झालं तर? कायद्याच्या ५५व्या कलमात वाट आहे. गार्ड किंवा अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला आधी गाठायचं, परवानगी घ्यायची आणि तशी चिठ्ठी लिहून मागायची. ती चिठ्ठी असेल तर फक्त भाडं पडतं, २५० रुपये लागत नाहीत. टीसीने पकडल्यावर सांगितलं तर तो उपयोग नाही.

आणि हे बायकांसाठी खास. १३९व्या कलमाप्रमाणे तिकीट नसलेल्या माणसाला गाडीतून उतरवता येतं. पण बरोबर पुरुष नसलेली बाई किंवा मूल असेल, तर तिला कुठल्याही स्टेशनावर उतरवता येत नाही. जिथून ती चढली ते स्टेशन, जंक्शन, गाडीचं शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्टेशन, इथेच उतरवायचं, आणि तेही फक्त दिवसा. आपल्या जिल्ह्याचं मुख्यालय म्हणजे ओरोसजवळचं सिंधुदुर्गनगरी. रात्री दोन वाजता, पावसात, कुठल्या तरी लहान स्टेशनावर एकट्या बाईला उतरवणं कायद्यात बसत नाही. पैसे भरावे लागतील, ते चुकत नाहीत. पण उतरवलं जात असेल तर 'एकशे एकोणचाळीस' हा आकडा मोठ्याने म्हणावा.

कॉलेजला जाणाऱ्या मुलींचंही सांगतो. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलीला घर ते शाळा-कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वेच्या नियमात मोफत आहे, मुलग्यांना बारावीपर्यंत. कॉलेजचा दाखला घेऊन स्टेशनवर विचारायचं. २००९च्या रेल्वे अर्थसंकल्पात महिना १५०० रुपयांपर्यंत कमाई असणाऱ्यांसाठी २५ रुपयांचा 'इज्जत' पासही आला होता. नाव फार छान ठेवलं होतं.

सुरुवातीला बोटीवरच्या माणसांचा हिशेब सांगितला होता. २२ जून २००३च्या रात्री आपल्याच वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी सुट्टीची विशेष गाडी दरड कोसळल्यामुळे घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यातली रात्र होती. त्या आठवणीने अजूनही आपल्याकडे जोराचा पाऊस लागला की गाडीत बसलेल्यांचे नातेवाईक जागे राहतात. रेल्वेच्या अपघातात माणूस गेला तर भरपाई मिळते. तेव्हा ती चार लाख रुपये होती, १ जानेवारी २०१७पासून आठ लाख आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा, अपघातापासून वर्षाच्या आत. आणि तिथे पहिला प्रश्न येतो : तो रीतसर प्रवासी होता का? तिकीट कुठे आहे?

अशा वेळी तिकीट चिखलात गेलेलं असतं, पर्स हरवलेली असते. पूर्वी कितीतरी घरांचे दावे त्यावरून अडायचे. ९ मे २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी या प्रकरणात सांगितलं, की मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येणार नाही. घरच्यांनी घटनेची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र करावं, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवायची जबाबदारी रेल्वेवर येते. पासाचा नंबर घरच्या वहीत लिहिलेला असेल, निघताना कुठल्या गाडीने जातोय हे शेजारणीला सांगितलेलं असेल, तर ते प्रतिज्ञापत्र लिहिताना उपयोगी पडतं. आमच्या गटातल्या बायका आता पास काढला की त्याचा आणि ओळखपत्राचा नंबर बचत गटाच्या हजेरी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात.